उपसमितीचं प्रकरण : कामाच्या नोंदी

२ जून २०२५

कामाची वाटणी झाली. सरकारी सल्लागार समित्यांवर नेमणूक झालेल्या अशासकीय सदस्यांसाठी मराठीत एक पुस्तिका करायची आहे. समितीची रचना, बैठका, भत्ते ही प्रकरणं इतरांकडे, उपसमित्या माझ्याकडे. गटात एक निवृत्त अवर सचिव आहेत (पुढे नुसतं ‘साहेब’), औषधनिर्माणशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम आहेत आणि कामगार चळवळीत आयुष्य गेलेले अण्णा.

साहेबांनी आजच अट घातली : “‘सर्वसाधारणपणे’ने सुरू होणारं एकही वाक्य नको. समिती कुठली, कलम कुठलं ते लिहा, नाहीतर वाक्य काढून टाका.” मान्य.

हे प्रकरण का हवं याबद्दल मला शंका नाही. मुख्य समितीची बैठक दोन-तीन तासांची, कार्यसूची लांबलचक. अवघड विषय आला की अध्यक्ष म्हणतात, “यावर उपसमिती नेमू या.” सगळे माना डोलावतात, पुढचा विषय पुकारला जातो. नव्या सदस्याला वाटतं विषय टांगणीला लागला. खरं तर त्या क्षणी निर्णयाची जागा बदललेली असते, आणि आपण त्या नव्या जागेत आहोत की नाही हे त्याने तेव्हाच विचारायला हवं असतं.

५ जून

सुरुवात औषधांपासून करतोय, कारण तिथे उपसमितीला कायद्याचाच आधार आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४०, कलम ५. याच कलमाने औषध तांत्रिक सल्लागार मंडळ, म्हणजे डीटीएबी, अस्तित्वात येतं. आरोग्य सेवा महासंचालक पदसिद्ध अध्यक्ष. भारताचे औषध नियंत्रक, कोलकाता आणि कसौलीच्या प्रयोगशाळांचे संचालक, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे संचालक हेही पदसिद्ध. बाकीचे नेमलेले किंवा निवडून आलेले, मुदत तीन वर्षं. निवडून देणाऱ्यांत मुंबईत मुख्यालय असलेली इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन आहे.

उपसमितीचं पोटकलम एका वाक्याचं आहे. मंडळ उपसमित्या नेमू शकतं, आणि मंडळाचे सदस्य नसलेल्या व्यक्तींनाही त्यांवर घेऊ शकतं : तीन वर्षांपेक्षा जास्त नाही अशा मुदतीसाठी, किंवा एखाद्या विशिष्ट बाबीपुरतं.

त्याच्या अलीकडचं पोटकलम शेजारी ठेवून वाचलं तेव्हा गंमत कळली. गणपूर्ती आणि कामकाजाचे उपविधी करायचे तर मंडळाला केंद्र सरकारची आधी मान्यता लागते. उपसमिती नेमायला मात्र ती अट लिहिलेली नाही. म्हणजे आपल्या बैठकीला किती माणसं हवीत हे ठरवायला मंडळाने सरकारकडे जायचं, पण बाहेरचे तज्ज्ञ आणून एखाद्या औषधाचा अभ्यास त्यांच्याकडे सोपवायचा अधिकार मंडळाचा स्वतःचा. कायदा करणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असो वा नसो, सदस्याच्या हातातलं हे मोठं हत्यार आहे. बैठकीत उभं राहून “या विषयावर उपसमिती नेमा आणि अमुक क्षेत्रातला माणूस घ्या” असं म्हणता येतं.

कलमात जे नाही तेही टिपून ठेवतो. उपसमितीत किती जण, अध्यक्ष कोण, गणपूर्ती किती, अहवाल किती दिवसांत, इतिवृत्त कोणाला दाखवायचं, यातलं काहीच नाही. ते सगळं आदेशावर सोडलेलं.

७ जून

माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख), आठवी बाब : सल्ल्यासाठी स्थापन केलेली मंडळं, परिषदा, समित्या आणि दोन किंवा अधिक व्यक्तींच्या इतर संस्था यांचं विवरण सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करायचं. त्यांच्या बैठका लोकांसाठी खुल्या आहेत का, इतिवृत्तं मिळू शकतात का, हेही सांगायचं. ‘दोन किंवा अधिक व्यक्ती’ म्हटल्यावर उपसमिती त्यात आपोआप येते. काही कार्यालयांची विवरणं उघडून पाहिली. समित्यांचे तक्ते आहेत, उपसमित्यांचा रकाना शोधावा लागतो. पुस्तिकेत अर्जाचा नमुना देऊ.

१२ जून

अमेरिकेची बातमी सगळ्यांनी गटावर टाकली आहे. लसीकरणावर सल्ला देणाऱ्या तिथल्या समितीचे सगळे १७ सदस्य आरोग्यमंत्री केनेडींनी एकदम काढले. साहेब म्हणाले, “मूळ समितीच गेली तर तिच्या कार्यगटांचं काय?” उत्तर सरळ आहे. कार्यगटाला स्वतःचा जीव नसतो, तो मूळ समितीच्या नावाने चालतो. सदस्य येतील-जातील, पण अहवाल घ्यायला समिती नसेल तर अहवाल कोणाला द्यायचा?

या निमित्ताने तिथला फेडरल ॲडव्हायझरी कमिटी ॲक्ट वाचून काढला. १९७२चा कायदा. सल्लागार समितीला सनद हवी, बैठकीची सूचना आधी प्रसिद्ध व्हायला हवी, बैठक लोकांना खुली हवी, सदस्यांत वेगवेगळ्या मतांचा समतोल हवा. उपसमित्यांना मात्र यातल्या बहुतेक अटी लागू नाहीत, एका गोष्टीच्या बदल्यात : उपसमितीने अहवाल मूळ समितीलाच द्यायचा, थेट सरकारी अधिकाऱ्याला नाही. तिने थेट सरकारला सल्ला दिला, किंवा मूळ समिती तिच्या शिफारशी चर्चेविना जशाच्या तशा उचलणार असेल, तर मात्र उपसमितीच्या बैठकाही खुल्या ठेवाव्या लागतात. आणि सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याशिवाय उपसमितीचीही बैठक होत नाही. बैठक बोलवायला आणि कार्यसूचीला त्याची संमती लागते, तो हजर राहतो.

या सवलतीतून पळवाट निघते हे १९८३ साली दिसलं. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सरकारी खर्च कमी करण्यासाठी जे सर्वेक्षण करवलं, त्यात कार्यकारी समितीच्या हाताखाली ३६ कार्यदलं होती. अभ्यास करणारी आणि शिफारशींचे मसुदे लिहिणारी तीच. लोक न्यायालयात गेले, की ही कार्यदलंच खरी सल्लागार, त्यांची दारं उघडा. न्यायालयाने म्हटलं, कार्यदलं राष्ट्राध्यक्षांना नव्हे, कार्यकारी समितीला अहवाल देतात, म्हणून कायदा त्यांना लागू नाही.

आपल्याकडे असा एकछत्री कायदा नाही. पण त्यांचा प्रश्न आपल्या सदस्याला जसाच्या तसा उपयोगी आहे : मूळ समितीने अहवालावर चर्चा केली, की नुसता शिक्का मारला?

१६ जून

आज फक्त एकच प्रकरण, पण पुस्तिकेचा कणा हेच होईल असं दिसतंय. मॅडमनी कागद आणून दिले.

निश्चित मात्रेची संयुक्त औषधं, म्हणजे एकाच गोळीत दोन-तीन औषधं. अशा हजारो गोळ्या बाजारात होत्या, त्यातल्या अनेकांना राज्यांनी परवाने दिले होते आणि केंद्राची मान्यता नव्हती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू चंद्रकांत कोकाटे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. तिच्या अहवालावरून १० मार्च २०१६ रोजी त्याच औषध कायद्याच्या कलम २६-अ खाली ३४४ संयुक्त औषधांवर बंदी आली. कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात चारशेहून अधिक याचिका केल्या. १ डिसेंबर २०१६ रोजी बंदी रद्द झाली. कारण? डीटीएबीचा सल्ला घेतलेला नव्हता. कोकाटे समिती मंत्रालयाने नेमलेली होती, मंडळाची उपसमिती नव्हती.

इथे थांबून मॅडमना विचारलं, “काम तर तज्ज्ञांनीच केलं ना? मग नेमलं कोणी याने काय फरक पडतो?” त्या म्हणाल्या, “पुढचं वाचा.”

पुढचं म्हणजे १५ डिसेंबर २०१७चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, न्यायमूर्ती नरीमन आणि न्यायमूर्ती कौल यांचा. न्यायालयाने उच्च न्यायालयाचं म्हणणं खोडलं. २६-अ वापरण्यापूर्वी डीटीएबीचा सल्ला घेणं बंधनकारक नाही, सरकार दुसऱ्या तज्ज्ञांच्या अहवालावरही समाधान करून घेऊ शकतं. आणि एवढं सांगून झाल्यावर, अधिक खोलात तपास व्हावा म्हणून, प्रकरण डीटीएबीकडे किंवा तिने नेमलेल्या उपसमितीकडेच पाठवलं!

हे उलटं वाटणारं वळणच मला या प्रकरणातला सगळ्यात शिकवणारा भाग वाटतो. कायद्याने सक्ती नाही म्हणून सरकारचा हात मोकळा. पण शेकडो औषधांचा आणि शेकडो कंपन्यांचा प्रश्न असताना सल्ला टिकायचा असेल, तर तो कोणत्या रीतीने तयार झाला हे दाखवता यायला हवं.

आणि न्यायालयाने नुसतं ‘पुन्हा बघा’ म्हटलं नाही, उपसमितीची कार्यकक्षाच लिहून दिली. कंपन्यांचं ऐका. ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्कचंही ऐका, म्हणजे औषधांच्या गैरवापराविरुद्ध बोलणाऱ्यांचं. कलम २६-अ मधल्या कसोट्या लावा : माणसाला किंवा जनावराला धोका आहे का, सांगितलेला गुण आहे का, त्या प्रमाणात ते घटक एकत्र करायला वैद्यकीय समर्थन आहे का. मग बंदी, निर्बंध की नियमन, हे कारणांसह सांगा. सहा महिन्यांत अहवाल द्या. कोणाचं ऐकायचं, कोणत्या कसोटीवर, कोणते पर्याय, कधीपर्यंत. यापेक्षा नेटकी कार्यकक्षा मी आजवर कुठल्या शासन निर्णयात पाहिलेली नाही.

१८ जून

त्याच प्रकरणाचा उरलेला भाग. डीटीएबीने उपसमिती नेमली, अध्यक्ष डॉ. नीलिमा क्षीरसागर. मुंबईच्या केईएमच्या माजी अधिष्ठाता, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या माजी कुलगुरू, क्षेत्र औषधशास्त्र. म्हणजे विषयाचा माणूस अध्यक्षपदी. उपसमितीचा अहवाल डीटीएबीपुढे आला, मंडळाने शिफारस केली आणि ७ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राने ३२८ संयुक्त औषधांवर बंदी घातली. सहांबाबत बंदीऐवजी अटी.

आकडे जुळवून पाहिले. ३४४ आणि नंतरची पाच, एकूण ३४९. त्यातली पंधरा औषधं सप्टेंबर १९८८ च्या आधीपासून बनत असल्याचा दावा होता, ती न्यायालयाने बाजूला ठेवली. उरली ३३४, म्हणजे ३२८ अधिक सहा. एकही औषध निकालाविना राहिलं नाही. उपसमितीचा अहवाल वाचताना सदस्याने ही बेरीज करून पाहावी : जेवढे विषय सोपवले, तेवढ्यांची उत्तरं आली का? ‘इतर बाबींवर यथावकाश विचार करण्यात येईल’ असं वाक्य दिसलं की समजावं, काहीतरी राहिलंय.

बाजूला ठेवलेल्यांपैकी १४ औषधांवर जून २०२३ मध्ये, वेगळ्या तपासणीनंतर, बंदी आली.

२४ जून

अण्णा आज भांडायलाच आले होते. “औषधांचं कौतुक पुरे. किमान वेतनाचं लिहा. माणसं जगतात त्यावर.”

बरोबर आहे. किमान वेतन अधिनियम १९४८, कलम ५. दर ठरवायला किंवा सुधारायला सरकारपुढे दोन वाटा. एक, चौकशी करून सल्ला देण्यासाठी समित्या आणि उपसमित्या नेमायच्या. दुसरी, प्रस्ताव राजपत्रात छापून किमान दोन महिने हरकतींना द्यायचे. कलम ७ प्रमाणे या समित्या-उपसमित्यांच्या कामाचा मेळ घालायला सल्लागार मंडळ. कलम ९ सगळ्यांना लागू : मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान, स्वतंत्र व्यक्ती एकूण संख्येच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाहीत, आणि अध्यक्ष स्वतंत्र व्यक्तींमधलाच. म्हणजे इथे समतोल उपसमितीपर्यंत खाली उतरवलेला आहे. औषधांच्या कलम ५ मध्ये हे नाही.

अण्णांचा मुद्दा वेगळाच होता. “समान संख्या कागदावर. बैठक ठेवायची कामाच्या दिवशी सकाळी अकराला. मालकांचा प्रतिनिधी पगारी अधिकारी, तो येतो. आमचा माणूस खाडा करून येतो किंवा येत नाही. मग सांगतात, गणपूर्ती झाली.” यावर साहेब गप्प बसले. मी लिहून घेतलं : गणपूर्ती नुसत्या संख्येवर नको, प्रत्येक बाजूचा किमान एक जण हजर हवा.

याच कायद्यातला एक जुना निकाल साहेबांनी काढला. एडवर्ड मिल्स विरुद्ध अजमेर राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९५४. समितीची मुदत संपून गेल्यावर मुदतवाढीची अधिसूचना निघाली होती. गिरणीचं म्हणणं, मधल्या काळात समितीच नव्हती, तेव्हा तिचा अहवाल आणि त्यावरचे दर दोन्ही रद्द. न्यायालयाने मानलं नाही. समिती फक्त सल्ला देणारी, सरकार तो मानायला बांधलेलं नाही, त्यामुळे असल्या प्रक्रियेच्या चुकीने अंतिम निर्णय बिघडत नाही.

साहेबांचं म्हणणं, हा निकाल पुस्तिकेत घालू नये. “अधिकारी हाच दाखवून मुदतवाढीची फाईल महिनोन्महिने ठेवतील.” मला उलट वाटतं. सदस्याला हे माहीत हवं की प्रक्रिया चुकली म्हणून न्यायालय दरवेळी धावून येणार नाही. चूक बैठकीतच दाखवावी लागते. मतदान झालं, निकाल पुस्तिकेत राहिला. वेतन संहिता २०१९ मध्ये संसदेने मंजूर केली, ती लागू झाली की ही कलमं जातील, अशी सूचना पानाच्या खाली टाकली. (नंतरची भर : संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, ही कलमं आता गेली.)

३० जून

असहमती. हा भाग टाळता आला असता तर बरं वाटलं असतं, कारण इथे लोक चिडतात.

उदाहरण कोविशिल्डचं. लस पुण्याची, पण मुद्दा दिल्लीतल्या उतरंडीचा. लसीकरणावरच्या राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाखाली स्थायी तांत्रिक उपसमिती, आणि कोविडसाठी वेगळा कार्यगट. मे २०२१ मध्ये दोन मात्रांमधलं अंतर सहा ते आठ आठवड्यांवरून १२ ते १६ आठवडे झालं; कार्यगटाच्या शिफारशीवरून, असं सरकारने जाहीर केलं. महिनाभराने रॉयटर्सची बातमी आली, की तीन सदस्यांच्या मते इतक्या वाढीला गटाचा पाठिंबा नव्हता. आठ ते १२ आठवडे त्यांना चालले असते. मंत्रालयाने उत्तर दिलं, या तिघांनी बैठकीत असहमती व्यक्त केलेली नाही.

कोणाचं खरं, हे ठरवणं आमचं काम नाही. सदस्याच्या दृष्टीने बघायचं ते इतकंच, की असा वाद उठला तर निवाडा करणारा कागद एकच, इतिवृत्त. तोंडी म्हटलेलं ‘मला शंका आहे’ हे तिथे पोचलं नाही तर ते बोललं गेलंच नव्हतं असं धरलं जातं. म्हणून पुस्तिकेत : मसुदा इतिवृत्त आलं की सात दिवसांच्या आत लेखी दुरुस्ती पाठवा. भिन्न मत असेल तर ते एका परिच्छेदात, कारणासह, आणि ‘मुख्य समितीला सादर होणाऱ्या अहवालास जोडावे’ हे शब्द लिहून द्या. सात दिवस हा आमचा सल्ला आहे, नियम नाही, हेही तिथेच सांगायचं.

४ जुलै

नमुना आदेशावर बसलो. साहेबांच्या हाताला वळण आहे. प्रस्तावना, ‘वाचा’ (संदर्भांची यादी), शासन निर्णय, रचनेचा तक्ता, कार्यकक्षा, प्रत रवाना, सगळं जागच्या जागी पडतं. कार्यकक्षेचं पहिलं वाक्य त्यांनी सवयीने लिहिलं : “सदर विषयाचा सखोल अभ्यास करून शासनास शिफारशी करणे.”

दोन हरकती घेतल्या. ‘शासनास’ नको, ‘समितीस’ हवं. नाहीतर उपसमिती मूळ समितीला वळसा घालून थेट मंत्रालयात पोचते आणि समितीला अहवाल वर्तमानपत्रात वाचायला मिळतो. आणि ‘सखोल अभ्यास’ म्हणजे काय, याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही. प्रश्न विचारा. उदाहरणार्थ : “तालुका पातळीवरील तपासणीची सध्याची वारंवारता पुरेशी आहे काय? नसल्यास किती असावी, व त्यासाठी किती मनुष्यबळ लागेल?” अशा प्रश्नाला उपसमिती उत्तर देते किंवा देत नाही, तिसरं काही होत नाही.

साहेब हसले. “प्रश्न इतका नेमका विचारला तर उत्तर अंगावर येतं हो. म्हणूनच आम्ही ‘सखोल अभ्यास’ लिहायचो.” हे वाक्य त्यांच्या परवानगीने पुस्तिकेत.

९ जुलै

किरकोळ पण रोजच्या उपयोगाचं, पटापट :

निमंत्रित सदस्य बोलू शकतो; मत देऊ शकतो की नाही, ते आदेशात लिहा. न लिहिल्यास वाद मतदानाच्या दिवशीच होतो.

सदस्य सचिव कोण, हे अध्यक्ष कोण याइतकंच महत्त्वाचं. बैठकीची सूचना, टिप्पणी, इतिवृत्त, सगळं त्याच्या टेबलावरून जातं. त्याची बदली झाली तर ‘त्या पदावरील अधिकारी’ आपोआप सचिव होईल असं लिहा. नाव लिहू नका.

बाहेरच्या तज्ज्ञाचा प्रवास भत्ता कोणत्या लेखाशीर्षातून, हे आधी. पैशाची तरतूद नसलेली उपसमिती पहिल्या बैठकीनंतर फक्त फाईलमध्ये उरते.

हितसंबंध : पहिल्याच बैठकीत प्रत्येकाने लेखी जाहीर करायचे. औषधांच्या उपसमितीवर त्याच कंपनीचा सल्लागार बसला, तर अहवाल कितीही चांगला असो, वाचणारा आधी ते नाव वाचेल.

१५ जुलै

कच्ची प्रत एका जिल्हास्तरीय समितीवर नुकत्याच नेमल्या गेलेल्या ताईंना वाचायला दिली होती. आज त्यांनी फोन केला. कलमं त्यांना नीट कळली. त्यांचा प्रश्न साधा होता : “अहो, पण उपसमिती संपते कधी? आमच्याकडे एक आहे म्हणे, मागच्या समितीने नेमलेली. तिचं कोणालाच ठाऊक नाही.”

आमच्या मसुद्यात याचं उत्तर नव्हतं. साहेबांशी बोललो. त्यांनी एक ओळ सुचवली : “अहवाल सादर झाल्यावर, अथवा मुख्य समितीची मुदत संपल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा उपसमिती संपुष्टात येईल.” अण्णांना दुसरा भाग खटकतो. समिती संपते, चौकशी अर्धी राहते, कामगारांच्या साक्षी कपाटात जातात. त्यांची भर : संपुष्टात येताना उपसमितीने जमवलेले कागद आणि साक्षी यादीसह सदस्य सचिवाने जपून ठेवाव्यात आणि नव्या समितीच्या पहिल्या बैठकीत मांडाव्यात. घेतली.

२१ जुलै

प्रकरण मुद्रितशोधनाला गेलं. नमुना आदेश वेगळ्या पानावर, सुटा काढता येईल असा. संयुक्त औषधांचं प्रकरण चार पानांचं झालंय. संपादकांना ते लांब वाटतं, पण मॅडम एक ओळही कापू देत नाहीत आणि मी त्यांच्या बाजूने आहे. गणपूर्तीचा अण्णांचा नियम ठळक अक्षरात. अमेरिकेचा भाग अर्ध्या पानावर आणला, एकच प्रश्न ठेवला.

माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना अजून बाकी आहे. त्यात उपसमितीच्या आदेशाची प्रत, सदस्यांची यादी, सगळी इतिवृत्तं आणि अहवाल मूळ समितीपुढे ठेवल्याची तारीख, इतकं मागायचं. उद्या साहेब बसणार आहेत.